षट्कर्णी: बिनतारी गुपित आणि वसईची हवा

गोष्ट षट्कर्णी झाली की तिचे गुपित संपले, असे आपल्याकडे म्हणतात. बोलणाऱ्याचे दोन कान, ऐकणाऱ्याचे दोन आणि मध्येच येऊन उभ्या राहिलेल्या तिसऱ्याचे दोन. बिनतारी संदेशवहनाचे सारे दुखणे या सहा कानांच्या हिशेबात मावते. तारेतला संदेश चोरायचा तर तार शोधावी लागते, सोलावी लागते. हवेत सुटलेला संदेश मात्र पोचेल तिथवर प्रत्येकाच्या दारात जातो. नायगावच्या खाडीपासून विरारपर्यंतच्या वसई-विरार पट्ट्यात २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर माणसे होती. त्यांचे मोबाइल, घरोघरचे वायफाय, खानिवड्याच्या टोलनाक्यावर वाचले जाणारे फास्टॅग, अर्नाळ्याच्या होड्यांवरचे व्हीएचएफ संच, सगळे एकाच हवेत बोलतात. त्या हवेला भिंत नाही आणि कडीही नाही.

गुपित राखण्याच्या दोन रीती आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. एक करपल्लवी: बोटांच्या खुणा भर बाजारात सगळ्यांना दिसतात, पण अर्थ ज्याला संकेत माहीत त्यालाच लागतो. दुसरी कानगोष्ट: भाषा साधीच, पण आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत जातच नाही. आजचे कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, ही करपल्लवी आहे. आणि गेली पन्नास वर्षे गणिती ज्या ‘फिजिकल लेअर सिक्युरिटी’वर, म्हणजे भौतिक स्तरावरच्या सुरक्षेवर, डोके खपवत आहेत ती कानगोष्ट आहे. संदेशवहनाच्या उतरंडीतले सर्वांत खालचे मडके म्हणजे प्रत्यक्ष लहरी. तिथेच चोरट्या कानाला वंचित ठेवता आले तर वरच्या मडक्यांना कमी भार, असा हा विचार. तो कितपत टिकतो, हे या लेखात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: नुसत्या कानगोष्टीच्या भरवशावर गुपित सोडू नये; पण करपल्लवीचा संकेत ठरवायला कानगोष्टीसारखे साधन नाही. आणि ती कुठे जमते, कुठे नाही, हे यंत्रापेक्षा जागेवर अवलंबून असते.

सुरुवात क्लॉड शॅननपासून करावी लागते. १९४९ साली त्याने सिद्ध केले की संदेश पूर्णतः अभेद्य ठेवायचा तर गुप्त किल्ली निदान संदेशाइतकी लांब हवी. व्यवहारात हे जवळजवळ अशक्यच. पण शॅननच्या मांडणीत एक गृहीत होते: घेणाऱ्याला जे ऐकू येते, अगदी तेच चोरट्या कानालाही येते. १९७५ साली बेल कंपनीच्या संशोधन-नियतकालिकात एरन वायनरने त्या गृहीतावर बोट ठेवले. प्रत्यक्षात दोघांच्या वाट्याला येणारा गोंगाट सारखा नसतो. चोराच्या कानात खरखर जास्त असेल, तर त्या जादा खरखरीच्या आड किल्लीशिवायही काही मजकूर बिनबोभाट नेता येतो. युक्ती अशी की एकाच संदेशाची असंख्य रूपे ठरवून ठेवायची आणि पाठवताना त्यांतले एक रूप नाणेफेकीने निवडायचे. ज्याला स्वच्छ ऐकू येते तो रूपही ओळखतो आणि संदेशही. ज्याला अर्धवट ऐकू येते त्याची सगळी ताकद कोणते रूप होते हे चाचपडण्यात संपते. संदेशाबद्दल त्याच्या हाती काही लागत नाही. १९७८ साली सिसार आणि कोर्नर या हंगेरियन गणितज्ञांनी हा सिद्धान्त अधिक व्यापक केला. प्रत्यक्ष वापरता येतील अशा संकेतावल्या यायला मात्र बराच काळ गेला. २०११ साली महदविफर आणि वार्डी यांनी ज्या ‘पोलर’ संकेतांवर ही युक्ती बसवली, त्याच कुळातले संकेत आज ५जी फोन नियंत्रणाच्या निरोपांसाठी वापरतात. फक्त तिथे ते चुका दुरुस्त करण्यापुरते आहेत, गुप्ततेसाठी नाहीत.

या सिद्धान्ताचा आकडा हातात धरून पाहण्यासारखा आहे. समजा, घेणाऱ्याकडे संदेशाचा आवाज गोंगाटाच्या १०० पट आहे आणि चोराकडे १० पट. शॅननच्या सूत्राने दर हर्ट्झमागे सेकंदाला घेणाऱ्याला सुमारे ६.७ बिट मिळू शकतात, चोराला सुमारे ३.५. वजाबाकी ३.२, एवढी गुप्तता किल्लीशिवाय मिळते. आता पाठवणाऱ्याने ताकद दहापट केली, तर दोघांचाही आवाज वाढतो आणि वजाबाकी जेमतेम ३.३ होते. पुढे कितीही ताकद लावा, ३.३२च्या पलीकडे ती जात नाही. ओरडून गुपित वाढत नाही, हे घरातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असते. इथे त्याला सूत्र मिळाले एवढेच. ताकदीने काम होत नसेल तर दोनच वाटा उरतात: घेणाऱ्याच्या दिशेलाच बोलायचे, किंवा चोराच्या कानात मुद्दाम खरखर ओतायची.

पहिली वाट महाराष्ट्राला नवी नाही. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. लघुलहरी एका दिशेला वळवण्याचा मूळ हेतू वीज वाचवण्याचा होता, पण झोताबाहेरच्या माणसाला कमी ऐकू येणार हे त्यात आपसूक आले. आज ५जीच्या मनोऱ्यावरच्या एका अँटेना-फळीत ६४पर्यंत वाहिन्या असतात आणि झोत एकेका फोनमागे हिंडतो. दुसरी वाट सतासु गोएल आणि रोहित नेगी यांनी दाखवली. नेगी १९९५ साली पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेले. अनेक अँटेना असतील तर कृत्रिम गोंगाट असा सोडता येतो की घेणाऱ्याच्या जागी त्याची बेरीज बरोबर शून्य होते आणि बाकी सगळीकडे तो संदेशावर बसतो, हे त्यांनी २००८च्या लेखात मांडले. चोर नेमका कुठे आहे हे माहीत नसले तरी चालते, हे या युक्तीचे मोठे बळ. तिची उणीव दुसरी आहे: चोरानेच पाठवणाऱ्याहून जास्त अँटेना आणल्या की गोंगाट वेगळा काढता येतो.

कागदावरचे हे यश वसईच्या नकाशावर ठेवले की पहिली अडचण लगेच दिसते. ही पट्टी पश्चिमेला सपाट आहे आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर तिच्यावर वाकून पाहतो. विरारला जीवदानीची टेकडी अगदी वस्तीच्या डोक्यावर आहे. घेणारा माणूस चार भिंतींच्या आत, लोखंडी ग्रिलच्या खिडकीमागे बसलेला. चोरटा कान मात्र उतारावर, मध्ये काही आडपडदा नसलेल्या जागी, मोठी अँटेना लावून बसू शकतो. वायनरच्या वजाबाकीत चोराची बाजू जड झाली की उत्तर शून्य येते. ब्लॉक, बॅरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली यावर उतारा दाखवला: लहरींची ताकद क्षणोक्षणी वरखाली होते, म्हणून सरासरीने चोर वरचढ असला तरी काही क्षण घेणाऱ्याचे पारडे जड असते, त्या क्षणांतच बोलावे. उतारा खरा आहे, पण ते क्षण ओळखायला चोराच्या कानात काय चालले आहे याचा अंदाज हवा, आणि गप्प बसून ऐकणारा माणूस आपला पत्ता कळवत नाही. या विषयावरचा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. किल्लीची लांबी मोजता येते. चोराचे अंतर मोजता येत नाही. ज्या सुरक्षेची हमी न दिसणाऱ्या माणसाच्या जागेवर टांगलेली आहे, तिच्यावर बँकेचा ओटीपी सोडणे शहाणपणाचे नाही.

मग या शास्त्रात उरते काय? माझ्या मते खरी कमाई बोलण्यात नसून किल्ली बनवण्यात आहे. लहरींचा एक गुण असा की एकाच वारंवारतेवर ‘अ’कडून ‘ब’कडे जाताना भिंती, माणसे, पत्रे, गाड्या यांवर आपटून जे चढउतार होतात, तेच ‘ब’कडून ‘अ’कडे येतानाही होतात. दोघांनी झटपट एकमेकांना हाक दिली, तर दोघांच्या नोंदींत एकच आलेख उमटतो. त्यातले उंचवटे १ आणि खळगे ० धरले की दोघांकडे एकच आकड्यांची माळ तयार होते. ती माळ कोणी कोणाला पाठवलेली नसते. तिसरा माणूस अर्ध्या तरंगलांबीहून दूर असेल तर त्याच्याकडे उमटणारा आलेख वेगळा. ही कल्पना हर्शी, हसन आणि यार्लागड्डा यांनी १९९५ साली मांडली. त्याआधी १९९३ साली उएली माउररने उघड चर्चेतूनही दोघांना गुप्त किल्ली ठरवता येते याचा गणिती पाया घातला होता. दोन्ही नोंदींत थोडी तफावत राहतेच. ती उघडपणे जुळवून घ्यायची आणि त्या जुळवाजुळवीत चोराला जेवढे कळले असेल तेवढे बिट शेवटी घोटून टाकून द्यायचे, अशी रीत आहे. २००८ साली सुहास माथूर आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या वायफायवर, खऱ्याखुऱ्या इमारतीत, सेकंदाला साधारण १ बिट या गतीने किल्ली काढून दाखवली. १ बिट ऐकून हसू येईल. पण १२८ बिटांची किल्ली त्या गतीनेही सव्वादोन मिनिटांत होते, आणि वर्षानुवर्षे भिंतीवर राहायच्या यंत्राला सव्वादोन मिनिटे म्हणजे काहीच नाही.

घरच्या वायफायची २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी जेमतेम सहा. पुस्तके सांगतात की चोर सहा सेंटिमीटरांहून दूर असला की पुरे. संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलमध्ये दोन माणसांत सहा सेंटिमीटर अंतर ही चैन आहे. विनोद सोडला तरी लोकल हे या तंत्राचे उत्तम आणि वाईट असे दोन्ही उदाहरण आहे. उत्तम यासाठी की डबा धावतो, माणसे हलतात, पत्र्याच्या पेटीत लहरी शंभर ठिकाणी आपटतात आणि आलेख मिलिसेकंदांत बदलतो. किल्लीला लागणारी अनिश्चितता फुकट मिळते. वाईट यासाठी की चोर तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. शिवाय अर्ध्या तरंगलांबीचा नियम आदर्श परिस्थितीतला आहे. एडमन, किआयास आणि येनर यांनी २०११ साली दाखवले की त्याहून बऱ्याच दूर बसलेल्या श्रोत्याच्या नोंदीही मूळ नोंदींशी काही प्रमाणात जुळतात, म्हणजे किल्ली अंशतः फुटते. या शोधाने तंत्र निकालात निघाले नाही. शेवटी किती बिट घोटून टाकायचे तो आकडा मात्र वाढला.

आता गर्दीतून मिठागरांकडे या. नायगाव-भाईंदरच्या खाडीकाठी जिथे नजर जाईल तिथवर सपाट पाणी आणि मिठाचे ढीग, तिथे लहर एक सरळ येते आणि एक पाण्यावरून परावर्तित होऊन. दोघांची बेरीज भूमितीने काढता येते. ‘अ’ आणि ‘ब’ कुठे उभे आहेत हे दिसले की आलेखही कळला. नालासोपाऱ्याच्या खेटून उभ्या इमारतींमध्ये उलट: प्रत्येक जिना, प्रत्येक पत्र्याची शेड लहरींचा रस्ता मोडते. पण तिथेही यंत्र स्थिर असेल आणि रात्री तीनला आवारात कुणी हलत नसेल, तर आलेख सपाट होतो. यूटा विद्यापीठातल्या सुमन जाना, स्नेहा कासेरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अशाच निश्चल जागांत मोजमापे घेतली. तिथे किल्लीत फारशी अनिश्चितता नव्हतीच. वर चोराने मुद्दाम मध्ये ये-जा करून दोघांच्या नोंदीत आपल्याला हवे ते चढउतार घडवले. म्हणजे चोर किल्ली ऐकत नाही, तो ती लिहून देतो. हा शोध मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तो सांगतो की प्रश्न यंत्राच्या खोक्यावर सुटणार नाही. तो आवारात जाऊनच तपासावा लागेल.

कुणी म्हणेल, कूटलेखन इतके पक्के असताना हा खटाटोप कशाला? आक्षेप वजनदार आहे. आज सर्वत्र वापरले जाणारे एईएस हे कूटसूत्र २००१पासून प्रमाण आहे आणि नीट वापरले तर त्याला व्यवहारात कोणी भगदाड पाडलेले नाही. पण बिनतारी सुरक्षेचा इतिहास वाचला की फुटलेल्या जागा कुठल्या हे दिसते. वायफायची पहिली ‘वेप’ पद्धत २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी मोडली, ती किल्ली वापरण्याच्या ढिसाळपणामुळे. जीएसएमचे ए५/१ हे सूत्र गुप्त ठेवलेले आणि किल्ली तोकडी. कार्स्टन नोलने २००९ साली ते उघडायचे तक्ते तयार करण्याची मोहीम काढली, तेव्हा जगातल्या बहुतेक २जी फोनचे बोलणे त्याच आडोशाला होते. २०१७ साली मॅथी वानहुफने वायफायच्या पुढच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीच्या हस्तांदोलनातच, म्हणजे किल्ली ठरवण्याच्या देवघेवीतच, खोट काढली. कुलूप सहसा शाबूत होते. फुटली ती बहुधा किल्लीची बाजू: तिची लांबी, वापर किंवा देवघेव. आपल्याकडे तर इंटरनेट परवान्याच्या अटींत बराच काळ विनापरवानगी ४० बिटांहून लांब किल्ली वापरू नये असे कलम होते, आणि ४० बिटांचे कुलूप साधा संगणकही उघडतो. स्थानकांवरच्या फुकट वायफायची कथा आणखी सरळ: २०१६च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून ही सेवा सुरू झाली, आणि अशा खुल्या वायफायच्या हवेतल्या टप्प्यावर कुलूप नसतेच, जे काही रक्षण होते ते संकेतस्थळाच्या स्वतःच्या कूटलेखनामुळे. म्हणून माझे म्हणणे इतकेच की जिथे करपल्लवी वारंवार फसली, त्या संकेत ठरवण्याच्या क्षणी कानगोष्टीची मदत घ्यावी.

दुसरे कारण काळाचे आहे. आज कूटलिखित संदेश कोणी जसाच्या तसा साठवून ठेवला, तर उद्या मोठा क्वांटम संगणक हाती आल्यावर किल्ली ठरवण्याची आजची पद्धत उघडी पडू शकते. पीटर शोरने १९९४ सालीच तसा मार्ग दाखवला आहे. त्यावर अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये नवी कूटसूत्रे प्रमाण केली, आणि भारताने एप्रिल २०२३मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची क्वांटम मोहीम मंजूर केली. नव्या सूत्रांनी बहुतांश काम होईल. तरीही एक फरक उरतो: जे चोराच्या कानापर्यंत पोचलेच नाही, ते त्याला साठवता येत नाही, आणि जे साठवले नाही ते पन्नास वर्षांनी कुठल्याही संगणकाने उघडत नाही.

आणखी एक गोष्ट करपल्लवीने मुळीच झाकत नाही: बोलणे चालू आहे हीच गोष्ट. १९४२च्या आंदोलनात मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर चालवलेल्या काँग्रेस रेडिओला मजकूर लपवायचा नव्हताच. तो तर सर्वांनी ऐकावा म्हणून होता. लपवायची होती जागा. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून संच घरामागून घर बदलत राहिला. २७ ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले आणि १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. घात अखेर लहरींनी केला नाही, आपल्यातल्याच माणसाने केला. आजच्या ४जी-५जीतही मनोरा कुठल्या फोनला कधी किती जागा देतो, हे सांगणारे खालच्या स्तरावरचे निरोप कूटलिखित नसतात. बोलणे झाकलेले, पण वर्दळ उघडी. २०१३ साली बॅश, गोकेल आणि टाउस्ली यांनी ‘बोलतोय हेच कळू नये’ याची मर्यादा काढली: लहरी वापरण्याच्या संधी शंभरपट झाल्या तर लपून बोलता येणारा मजकूर फक्त दहापट होतो. कंजूस हिशेब आहे, पण शून्य नाही.

कानगोष्टीचा एक मोठा दोष अजून सांगितलेला नाही. वायनरचा चोर सभ्य आहे. तो फक्त ऐकतो. खरा चोर तोतयाही होतो. खोटा मनोरा उभारून फोनला फसवणे २जीत सोपे आहे, कारण तिथे मनोरा फोनची ओळख मागतो, फोन मनोऱ्याची मागत नाही. कानात कुजबुजण्यापूर्वी कान कोणाचा हे पाहावे लागते, आणि ते काम पुन्हा कूटलेखनाकडेच जाते. गोंगाट ओतण्याच्या युक्तीलाही अशाच मर्यादा आहेत. २०११ साली गोळ्ळकोटा आणि सहकाऱ्यांनी हृदयात बसवलेल्या यंत्राभोवती गोंगाटाची ‘ढाल’ करून दाखवली. दोनच वर्षांनी टिपेनहावर आणि सहकाऱ्यांनी दोन अँटेनांनी, तीन मीटरपर्यंतच्या अंतरावरून, तसल्या ढालीआडचा संदेश बाहेर काढला. आणि आपल्या देशात जॅमर लावायला सरकारी परवानगी लागते, त्यामुळे घराघरातून गोंगाट सोडण्याचा विचारही नको. उलट टोकाला निव्वळ अफवाही असतात. २०२२ साली एका मुलाने मनगटी घड्याळाने फास्टॅगमधून पैसे काढल्याची चित्रफीत गावोगाव फिरली. पैसे असे काढताच येत नाहीत, असा खुलासा फास्टॅगचे व्यवहार सांभाळणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाला (एनपीसीआय) करावा लागला. फास्टॅगचा क्रमांक दुरून वाचता येतो हे खरे, पण पैसे टोलनाक्यासारख्या नोंदणीकृत ठिकाणीच वळतात. ऐकू येणे आणि लुटता येणे यांत अंतर आहे, आणि भीती विकणारे नेमके तेच पुसून टाकतात.

समुद्रावर गेले की हिशेब आणखी बदलतो. अर्नाळा, पाचूबंदर, सातपाटीच्या तांडेलाने व्हीएचएफवर ‘इथे मासळी लागली’ म्हटले, तर ते टप्प्यातल्या प्रत्येक होडीवर ऐकू जाते. उघड्या समुद्रावर ना इमारत ना आडोसा, म्हणून चढउतारांतून किल्ली काढायला तिथे फारसे काही हाती लागत नाही. पण १५६.८ मेगाहर्ट्झचा सोळावा चॅनल उघडा आहे, म्हणूनच बुडणाऱ्याची हाक अनोळखी जहाजही ऐकते. जहाजांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणाही अशीच सगळ्यांना दिसेल अशी आहे. सोपाऱ्याला अशोकाच्या आज्ञा दगडावर कोरल्या होत्या, त्या वाटेने जाणाऱ्या कोणीही वाचाव्यात म्हणून. प्रत्येक निरोप झाकायचा नसतो, हे समुद्र फार स्पष्ट सांगतो. झाकायचा तो वेगळा. २६ नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले, तेव्हापासून होड्यांवर नजर ठेवण्याची गरज वाढत गेली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरलाच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या दिवशी, सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या होड्यांवर १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. हे ट्रान्सपाँडर उपग्रहामार्फत बोलतात, आणि उपग्रहाचा झोत शेकडो किलोमीटर एकसारखा पडतो. घेणारा आणि चोर दोघेही त्याच उजेडात. तिथे कानगोष्ट नाहीच. कूटलेखन हा एकच उपाय.

सरकारला हे सगळे नकोसे होईल, अशी शंकाही घेतली जाते. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यापासून संदेश अडवण्याचा अधिकार शासनाकडे आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला कार्यपद्धतीची वेसण घातली आणि डिसेंबर २०२४मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली त्याचे नियम आले. पण कायदेशीर अडवणूक कंपनीच्या केंद्रात होते, जिथे हवेतले कुलूप आधीच उघडलेले असते. मनोरा आणि फोन यांच्यातली कानगोष्ट अधिकृत अधिकाऱ्याला अडवत नाही. ती अडवते त्याला, ज्याच्याकडे आदेश नाही. आणि तशा माणसाला २०२३च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे, म्हणजे कायदा आणि कानगोष्ट एकाच बाजूला आहेत.

या शास्त्राची कसोटी लागणार आहे ती अगदी साध्या जागी, इमारतीच्या तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत. स्मार्ट मीटर वापराची नोंद अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून छोट्या टप्प्यांत ठेवतो.  एवढ्या बारीक नोंदींतून घर कधी रिकामे असते हे त्या हाती लागलेल्या कोणालाही वाचता येते. असली यंत्रे हजारोंनी बसतात, त्यांची किल्ली एकदा कारखान्यात घातली की सहसा कोणी बदलत नाही, आणि एक फुटली तर सगळी मालिका संशयात. लहरींच्या चढउतारांतून दर महिन्याला ताजी किल्ली मिसळता आली, तर जुनी फुटली तरी नुकसान महिन्यापुरते राहील. खोलीत दिवसा स्कूटर लागतात, माणसे जातात, दार उघडते. किल्ली त्या वेळी काढावी, रात्री तीनला नाही. मूळ कूटलेखन काढून टाकायचे नाही. त्याच्या किल्लीत ही भर घालायची. याहून मोठे काम या शास्त्राकडून आज मागू नये.

गणिताची बाजू आपल्या दाराशी भक्कम आहे: पवईची आयआयटी आणि कुलाब्याचे टीआयएफआर इथल्या संशोधकांनी २०१७ साली चोरट्या कानाच्या उपस्थितीतल्या गुप्त देवघेवीवर एकत्र काम प्रसिद्ध केले आहे. कमतरता आहे ती जागेवरच्या मोजमापांची. वसईच्या विद्यावर्धिनी आणि विरार-शिरगावच्या विवा या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या अखेरच्या वर्षाच्या मुलांनी हे मनावर घ्यावे. लहरींच्या चढउतारांची नोंद देणारी ईएसपी३२ ही चिप काही शे रुपयांना मिळते. नालासोपाऱ्यातले एक आवार, नायगावजवळचे एक मिठागर आणि तुंगारेश्वरचा पायथा, तीन जागी, दिवसा आणि रात्री, स्वतःच्याच यंत्रांचे बोलणे स्वतःच ऐकून कुठे किती बिट खरोखर गुप्त राहतात याचा तक्ता करावा. त्यात कायदाही मोडत नाही. खर्च तीन चिपांचा आहे. तिसरी चिप चोरट्या कानाची.